पात्राचं नाव : स्वतः

मुंबईतल्या स्टुडिओच्या फाटकावर एक वही असते. आत जाणाऱ्यानं तिच्यात नाव, वेळ आणि काम लिहायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वही घेऊन बसलेल्या माणसानं विचारलं, "कुणाचं काम करता?"

मी म्हणालो, "माझंच."

"तसं नाही हो. मालिकेत कुणाचं काम आहे? मेव्हणा, पोलीस, वकील?"

"माझंच आहे. मीच मी होऊन येणार आहे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत फोन लावून खात्री केली, आणि पात्राच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहून फाटक उघडलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत मी पाच-सहा मालिकांत असा स्वतः होऊन गेलो. कधी एका भागापुरता, फार तर दोन. त्या कामांत मोठं काही नव्हतं, आणि मोठं होतं असं मी कुणाला भासवलंही नाही. पण त्यातल्या एका कामामुळं माझ्या घरी काही माणसं आली. ती आली नसती तर मी हे लिहायला बसलो नसतो.

मी लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलांना लंबक टांगून द्यायचे, भिंगं पुसून ठेवायची, थर्मामीटर कुणी फोडला ते शोधायचं, अशी नोकरी. नकला करायचा नाद लहानपणापासूनचा. माझं बालपण नांदेडचं. आमच्या घराशेजारी एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथंच पडीक असायचो. चाचांकडं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची चाल आणि बोलणं मी उचलायचो, आणि गिऱ्हाईक गेलं की चाचांना करून दाखवायचो. चाचा हातातली सुई थांबवून हसायचे. पण गिऱ्हाईक उभं असताना मी काही चाळे करायला लागलो की मान हलवायचे. "नक्को बेटा. माप लेते वक्त हँसाना नक्को. आदमी हँसा तो छाती का माप गलत आता." पुढं मी स्टेजवर उभा राहायला लागलो तेव्हा चाचांनी मला एक तपकिरी कोट शिवून दिला. माझ्या अंगावर नीट बसलेलं ते पहिलं कापड.

एका वाहिनीवर विनोदी कलाकारांची स्पर्धा होती. तीत मी शेवटच्या चौघांत पोचलो आणि मग मालिकावाल्यांचे फोन यायला लागले. पहिल्याच फोनवर त्या बाई म्हणाल्या, "स्वतःचीच भूमिका आहे, तर कपडे स्वतःचेच आणा." मी चाचांचा कोट घेऊन गेलो. कथेत एका हॉटेलचं उद्घाटन होतं आणि 'प्रसिद्ध विनोदवीर' म्हणून मी फीत कापायची होती. हातात आलेल्या कागदावर माझ्या प्रत्येक वाक्यात 'लई' होतं. एका वाक्यात दोनदा. मी ती वाक्यं जमेल तशी सरळ करून बोललो, तर दिग्दर्शक जवळ येऊन आदबीनं म्हणाले, "सर, तुम्ही तुमच्यासारखं बोलत नाही आहात. थोडं अजून मराठवाडी करा." मी केलं. घरी आल्यावर बायकोनं तो भाग पाहिला आणि म्हणाली, "हे कोण आलं होतं तुमचा कोट घालून?"

त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. पुढच्या कामाला मात्र हसू आलं नाही. पण ते सांगण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा मी लातुरातच होतो. आमच्या घराच्या भिंतीला दोन भेगा गेल्या, बाकी काही नाही. औसा तालुक्यातली, उमरग्याकडची गावंच्या गावं गेली. त्याबद्दल ज्यांनी सोसलं त्यांनी बोलावं. मी सांगतो ते एका दुपारचं. भूकंपाला तीन-साडेतीन महिने झाले होते. वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडांत राहत होती. आमच्या कॉलेजची मुलं तिथं कामाला जायची. प्राचार्य मला म्हणाले, "तिथल्या लेकरांना जरा बरं वाटेल, तुम्ही तुमच्या नकला करून या." मी गेलो. मनात, खोटं कशाला बोलू, अभिमान होता. रडणाऱ्या माणसांना हसवून येणार होतो मी.

दोन शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती. मी एसटीचा कंडक्टर केला, सभेत भाषण करणारे पुढारी केले, कोंबडा केला, मास्तर केले. लेकरं खदखदून हसली. मोठी माणसं तोंडावर पदर, रुमाल धरून का होईना, हसली. पहिल्याच रांगेत एक बाई मांडीवर वर्षा-दीड वर्षाची पोर घेऊन बसली होती. वय पन्नाशीच्या आत असावं. तिचा चेहरा जराही हलत नव्हता. आणि मी मूर्खासारखा तिच्याच मागं लागलो. प्रत्येक नक्कल तिच्याकडं तोंड करून. आवाज चढवत गेलो, उड्या मारल्या, घामानं निथळलो. शेवटी ती उठून गेली. मला वाटलं, चिडली.

कार्यक्रम संपला. मी घाम पुसत बसलो होतो तर ती परत आली. हातात ताटली. ताटलीत भाकरी आणि वरण.

"जेवलास का?" ती म्हणाली. "मघापासून वरडून राहिलास."

मी ताटली घेतली. ती समोर बसली, पोर खांद्यावर. मी जेवत होतो आणि ती बघत होती. मग म्हणाली, "हसू येईना बाबा. तू वंगाळ वाटून घेऊ नको. माझा लेक बी तुझ्यावानीच बडबड्या हुता."

चाचांचं मापाचं बोलणं मला त्या घासाला आठवलं. मी भाकरी संपवली, ताटली धुऊन दिली. लेक गेला, सून गेली, नवरा गेला, तुळईखाली पोकळी राहिली म्हणून ही पोर तेवढी वाचली, हे मला नंतर मुलांकडून कळलं. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. तिनंही माझं विचारलं नाही. मी ही गोष्ट बायको सोडून कुणाला सांगितली नव्हती.

त्यानंतर लातूर बघता बघता बदललं. बारावीच्या निकालात लातूरची मुलं वर यायला लागली आणि सगळ्या जिल्ह्यांतून आईबाप लेकरांना घेऊन यायला लागले. गल्लीगल्लीत क्लास झाले. सकाळी रस्त्यावर सायकलींचे थवे. ज्यांच्या घरावर गच्ची होती त्यांनी गच्चीवर खोल्या काढल्या, ज्यांच्याकडं गाईचा गोठा होता त्यांनी गोठ्यात फरशी घातली. आम्हीही वर तीन खोल्या काढून मुलींना दिल्या, आणि बायकोनं खाली मेस सुरू केली. लोहा, बिलोली, देगलूर, परभणी, कुठकुठच्या पोरी. जेवताना एक हात पुस्तकावर. आमच्या कॉलेजात वर्ग ओस पडत चालले, कारण मुलं क्लासला. प्रयोगशाळेत मात्र प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी त्यांना यावंच लागायचं, म्हणून माझी नोकरी टिकली असं मी कार्यक्रमांत सांगायचो. लोक हसायचे. ते बरंचसं खरं होतं.

भूकंपाला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील तेव्हा तो दुसरा फोन आला. मालिका एका मोठ्या कुटुंबाची. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या कथेतल्या आजी तुमच्याकडच्या आहेत. लातूर भागातल्या. आजींच्या पंचाहत्तरीला नातवंडं तुम्हाला बोलावतात, असा भाग आहे. तुम्ही यायचं आणि आजींना हसवायचं. बस."

मी कोट इस्त्री करून गेलो. मेकअपच्या खोलीत कागद हातात आला. वाचला. आजी भूकंपातून वाचलेल्या. मुलगा भूकंपात गेलेला. तेव्हापासून आजी हसलेल्याच नाहीत. मी येतो, विनोद सांगतो, आजी दगडासारख्या बसून. मग नातवंडं मला एक जुनी कॅसेट ऐकवतात, तिच्यात त्यांच्या बापाचा आवाज. मी तो आवाज काढतो. "आई, भूक लागली." आजी आधी हसतात, मग रडतात, सगळे मिठ्या मारतात.

मी कागद खाली ठेवला. मेकअपवाला म्हणाला, "सर, मान हलवू नका."

दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता. तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकायचं त्याच्या डोक्यावर होतं. मी त्याला म्हणालो, "मला हे जमणार नाही."

"कोणतं?"

"गेलेल्या मुलाचा आवाज आईसमोर काढायचं."

"सर, ती खरी आई नाहीये."

"माहीत आहे. पण मी खरा आहे ना. माझं नाव घेऊन मी येतोय, लातूरच्या अमुक कॉलेजात काम करतो असं सांगतोय. उद्या आमच्याकडची माणसं हे बघतील. मी त्यांच्यात जाऊन आलोय. त्यांना वाटेल, हा असं करतो."

तो घड्याळाकडं बघत होता. "वाहिनीनं मंजूर केलंय हे. याच्यावर जाहिरात गेलीय. आजी हसणार म्हणून."

हे सगळं बाजूच्या खुर्चीवरून आजी ऐकत होत्या. म्हणजे आजींचं काम करणाऱ्या बाई. नाटकांत आयुष्य घातलेल्या, सत्तरीच्या. गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. "इकडे बसा. तुम्ही जाऊन आलात म्हणालात. काय झालं होतं तिथं?"

मी सांगितलं. सतरंजी, कंडक्टर, पहिली रांग, ताटली, भाकरी. पाच मिनिटांत सांगून झालं असेल. बाईंनी मधे एकदाही 'अरेरे' केलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "'जेवलास का' म्हणाली की 'जेवला का'?"

"जेवलास का."

"आवाज चढवून?"

"नाही. रोज विचारतात तसं."

त्या उठल्या, पट्टा सोडला आणि दिग्दर्शकाकडं गेल्या. काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाल्या, "दोन्ही घेऊ म्हणालाय. एक तुमचं, एक त्याचं. त्याच्यातही मुलाचा आवाज नाही. तुमचा तो कंडक्टर करा, मी हसते. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल." याहून जास्त मागायची माझी लायकी नव्हती.

आधी माझं घेतलं. मी नकला करत राहिलो, बाई बघत राहिल्या, मग उठून आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. "जेवलास का?" ताटातलं जेवण सकाळपासून दिव्यांखाली पडलेलं, पुरी वातड झालेली. मी ती खाल्ली. घास तोंडात असताना डोळ्यांत पाणी आलं आणि 'कट' म्हणायला दिग्दर्शकाला जरा उशीर झाला. मग दुसरं घेतलं. मी कंडक्टर केला आणि बाई हसल्या. कशा हसल्या म्हणून सांगू. आधी ओठ दाबले, मग नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, आणि मग पदर तोंडात कोंबूनही थांबेना. दिवे धरणारी माणसं हसली, मी स्वतः हसलो. खोटं हसू होतं ते. पण इतकं बरं हसू मी स्टेजवरून कधी पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो भाग लागला. मेसमधल्या पोरींनी ताटं घेऊन टीव्हीसमोर गर्दी केली होती. बायको लाटणं हातात घेऊन दारात उभी. आजी हसल्या. ताटाचं काहीच आलं नाही. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी गच्चीवर गेलो. वाळत घातलेले कपडे विनाकारण काढून घड्या घालत बसलो. थोड्या वेळानं खालून बायकोनं हाक मारली, फोन आहे म्हणून. बाईंचा होता.

"मी भांडले," त्या म्हणाल्या. "खूप भांडले. पण शेवट त्यांनी त्यांचाच लावला. तुम्हाला सांगायला फोन केला."

"तुम्ही फोन केलात हेच पुष्कळ आहे."

"रागावलात?"

"तुमच्यावर नाही."

"मग स्वतःवर असाल. तो जरा कमी करा," असं म्हणून त्यांनी विचारलं की लातूरला थंडी आहे का. तेव्हापासून त्या पंधरा-वीस दिवसांनी फोन करायला लागल्या. त्यांना का करावासा वाटला ते मी कधी विचारलं नाही.

तरी मला लाज वाटायची. औशाकडच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर मी काहीतरी कारण काढून टाळायचो. वाटायचं, त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कुणी भेटलं तर म्हणेल, वा रे वा, आमच्या दुःखावर तीन मिनिटांत औषध दिलंस.

जूनमध्ये, अकरावीच्या प्रवेशांची धांदल सुरू असताना, प्रयोगशाळेच्या दारात एक म्हातारी आणि एक मुलगी येऊन उभ्या राहिल्या. शिपाई म्हणाला, "तुमचं नाव घेऊन विचारत आल्यात." मुलीच्या हातात गुणपत्रिकेची पिशवी. म्हातारीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तूच न्हवं का? टीव्हीत तुझं नाव सांगितलं, कालेजाचं बी सांगितलं. म्हनून सापडलास."

मी ओळखलं नाही. पंधरा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. मग तिनं मुलीला पुढं केलं. "हिला वळकशील कसा? ही माझ्या मांडीवर हुती की तवा."

मी तिला प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसवायला गेलो, तर ती खालीच बसली. मीही खाली बसलो. जे मला इतके महिने टोचत होतं ते मी तिथंच बोलून टाकलं. म्हटलं, "मावशी, ते टीव्हीतलं मी तसं केलं नव्हतं. मी त्यांना खरं ते करू म्हणालो होतो. त्यांनी त्यांचं दाखवलं."

"कोनतं?"

"ती म्हातारी हसली ते."

"हसली की. बरं झालं हसली." मग म्हणाली, "मी घरात एकलीच हुते. ती हसाय लागली तशी मी बी हसले. तू तोच कंडक्टर केलास न्हवं? त्या दिवशीचाच. मला त्या दिवशी हसायला झालं न्हाई, ते ऱ्हाऊन गेलं हुतं बघ. शेजारीन पळत आली, काय झालं म्हनून."

प्रयोगशाळेत मुलं लंबकाचे झोके मोजत होती. मी तिच्या पायाशी बसलो होतो असं म्हणायला हरकत नाही. इतक्या महिन्यांची लाज एका बाईनं दोन वाक्यांत उतरवून ठेवली, आणि उतरवली हे तिच्या गावीही नव्हतं. तिला खोलीची काळजी होती.

"ही दहावीला शाळेत पहिली आली," ती म्हणाली. "हिला डाक्टर व्हायचंय. मला लातुरातलं काय बी ठावं न्हाई. पोरीची जात. वळखीचं मानूस पायजे. म्हनलं, तू जेवला हुतास माझ्याकडं, तू न्हाई म्हननार न्हाईस."

मी त्यांना घेऊन घरी आलो. बायकोला सगळं सांगावं लागलं नाही, 'त्या शेडातल्या मावशी' एवढंच म्हटलं. तिनं हातातलं पीठ झटकलं, वाकून पाया पडली आणि मुलीला म्हणाली, "वरची कोपऱ्यातली खोली तुझी. उजेड चांगला आहे." मुलगी तीन वर्षं आमच्याकडं राहिली. अबोल, चष्मा लावलेली, भातावर तूप नको म्हणणारी. गणितात तिला अडलं की बाकीच्या पोरींना विचारायची नाही, माझ्या बायकोजवळ कणीक मळायला येऊन बसायची आणि उठताना म्हणायची, "आलं उत्तर." मावशी महिन्यातून एकदा यायच्या, येताना तुरीच्या शेंगा, कधी हरभऱ्याचा डहाळा आणायच्या आणि दोन दिवस मेसमध्ये पोळ्या लाटायला बसायच्या. बायको नको म्हणायची. त्या ऐकायच्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात लातूरला एका नाट्यसमारंभाला बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. आयोजकांनी चांगल्या हॉटेलात उतरवलं होतं. सकाळी त्यांचा फोन. "तुमचं घर कुठं आहे? मला घरचं जेवायचंय. आणि त्या बाई आहेत का?"

मावशींचं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. नशिबानं त्या आल्या होत्या. मी बाईंना रिक्षातून घेऊन आलो. मेसमधल्या पोरींनी जिन्यावर रांग लावली होती, 'आजी आल्या, आजी आल्या' म्हणून. बाईंनी सगळ्यांना हात केला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. मावशी जमिनीवर मेथी निवडत होत्या. बाईंचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून बायकोनं बुटकं स्टूल दिलं. बाईंनी समोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि त्याही निवडायला लागल्या.

मी दारात उभा. मला वाटत होतं आता काहीतरी मोठं बोलणं होईल. भूकंपाचं, त्या भागाचं, ताटलीचं.

मावशी म्हणाल्या, "तुमचा गुडघा दुखतोय जनू."

"फार. पाच वर्षं झाली."

"निरगुडीचा पाला कढवा. गरम गरम शेकायचं. माझा बी दुखतोय, पर मला चालावं लागतं म्हनून चालतोय."

"मुंबईत कुठली निरगुडी."

"मी देते की बांधून. वाळवून न्या."

मग मेथीच्या काड्या कुणी किती टाकाव्यात यावर बोलणं झालं. बाई कोवळे देठ टाकत होत्या ते मावशींनी वेचून परत घेतले. मग मावशींनी विचारलं, "टीव्हीत येवढी नातवंडं दिसतात तुमची. घरी किती हायेत?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "लग्नच केलं नाही मी."

मावशींचा हात थांबला. त्यांनी बाईंकडं नीट पाहिलं. मग जिन्याकडं तोंड करून नातीला हाक मारली. ती पुस्तक घेऊनच खाली आली. "ह्या आजीच्या पाया पड," मावशी म्हणाल्या. "आन् परीक्षा कवा हाय ते सांग त्यास्नी. त्यांनी बी देवाला हात जोडाय पायजेत."

मी तिथून बाजूला झालो. अंगणात येऊन नळाखाली तोंड धुतलं. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढले, त्याला हे असं न मागता मिळावं, याचं मला त्या दिवशी नवल वाटत होतं, अजूनही वाटतं. त्या दोघींनी मला आत बोलावलं नाही. बायकोनं मात्र खिडकीतून विचारलं, "भाजीत लसूण जास्त घालू का? बाईंना चालतो का विचारा." विचारलं. चालत होता.

बाई त्या दिवशी आयोजकांच्या जेवणाला गेल्याच नाहीत. मेसच्या पहिल्या पंगतीत पोरींबरोबर बसून दोन ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. पुढं नातीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, निकालाच्या दिवशीही आला. बारावीनंतर पहिल्या खेपेला पोरीचा नंबर लागला नाही. ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हा बाईंनी फोनवर तिच्याशी अर्धा तास बोलून तिला काय सांगितलं कोण जाणे, फोन ठेवल्यावर ती खाली येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, मी अजून एक वर्ष राहू का?" बायको म्हणाली, "खोली दुसऱ्या कुणाला दिलीय का मी?"

पुढच्या वर्षी तिला नांदेडला आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. एमबीबीएस नाही, पण डॉक्टर. मावशींना तो फरक कुणी समजावून सांगितला नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. हॉस्टेलवर पोचवायला आम्ही चौघं गेलो: मावशी, नात, मी आणि बायको. सामान लावून झाल्यावर मावशी म्हणाल्या, गंगा दाखव. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी सगळ्यांना विष्णुपुरीला धरणावर नेलं. पाणी चांगलं होतं. मावशींनी हात जोडले, नातीच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग कठड्याजवळ बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायला काढली.

तिथं फिरायला आलेल्या एका माणसानं मला ओळखलं. जवळ येऊन म्हणाला, "तुम्ही ते मालिकेत आलता ना? स्वतःच्याच नावानं? आजीला हसवलं तुम्ही." मग मावशींकडं पाहून विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

मी काही म्हणायच्या आत मावशींनी सांगितलं, "त्याच्या घरी माझी नात हुती तीन साल." आणि एक दशमी उचलून त्या माणसापुढं धरली. त्यानं आधी नको नको केलं, मग घेतली आणि आमच्याजवळच बसून खाल्ली. चटणी तिखट होती. बायकोनं त्याला पाण्याची बाटली दिली. वारा सुटला होता, आणि नात आपली ओढणी सांभाळत पलीकडं हॉस्टेलच्या दिशेनं बघत होती, नव्या जागेची धास्ती चेहऱ्यावर घेऊन. तासाभरानं आम्ही तिला पोचवून परतीच्या एसटीत बसलो.